कान फुटला, नाक वाकलं, वजन दोन किलो वर : जिममधल्या 'डॉक्टरां'चं काय करायचं?

मांडवीकाठ

परवा आमच्या जिमच्या ग्रुपवर एका मुलाने सुजलेल्या कानाचा फोटो टाकला. खाली सल्ल्यांची रांग लागली. बर्फ लाव. बर्फ नको, शेक दे. आंबेहळद उगाळून लाव. इन्शुलिनची सिरिंज आणून ठेव, मी येतो आणि काढून देतो, माझा मीच काढला होता. एकाने तर नुसता स्वतःच्या मोडक्या कानाचा फोटो टाकून खाली 'वेलकम' लिहिलं. डॉक्टरला दाखव म्हणणारा सगळ्यांत एकच निघाला, आणि त्याला हसण्याच्या इमोजी मिळाल्या.

म्हापशाकडच्या एका जिममध्ये संध्याकाळच्या बॉक्सिंग बॅचला मी मदत करतो. तिथे डॉक्टर नाही, फिजिओ नाही. आहे तो वर्षानुवर्षं मार खाल्लेला एक दादा आणि त्याची किट बॅग. बॅगेत दुखण्याच्या गोळ्या, तीन प्रकारच्या ट्यूब, स्प्रे, टेप, आणि मी विचारत नाही अशा दोन-चार स्ट्रिप्स. दादा माणूस चांगला. रात्री नऊला मुलाला स्कूटरवर मागे बसवून आझिलो इस्पितळात नेणारा तोच असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दादाच्या नजरेवर विश्वास ठेवावा, बॅगेवर नाही. कोण नेहमीसारखा चालत नाही, कोणाचा हात खोट्याने दुखतोय आणि कोणाचा खऱ्याने, हे त्याला एमबीबीएस झालेल्यापेक्षा लवकर दिसतं. पण पुढे काय टोचायचं, काय गिळायचं, काय चोळायचं हे तो सांगायला लागला की माझ्या पोटात गोळा येतो.

कुस्ती, ज्युडो, तायक्वांदो, बॉक्सिंग, जिउ-जित्सू, कुठलंही असो. तुमच्याकडे कसले सल्ले चालतात, त्यातले खरे किती? जाणकारांनी लिहावं.

तिसवाडीचा तिरसट

फेणी राहिली की हो. आमच्याकडे कान सुजो, पाय मुरगळो, छातीत कफ होवो, माडाची फेणी. अर्धी बाहेरून, अर्धी आतून. बाहेरच्या अर्ध्याने काही होतं की नाही माहीत नाही, पण तक्रार थांबते.

कानोकानी

कान-नाक-घसा हाच माझा धंदा आहे, तेव्हा कानाबद्दल जरा सविस्तर.

कानाच्या वरच्या भागात कूर्चा असते, पाळीत नसते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. तिला वर चिकटलेल्या पातळ आवरणातून पोषण मिळतं. घासाघाशीत किंवा ठोशाने हे आवरण कूर्चेपासून सुटतं आणि मधल्या जागेत रक्त साठतं. बोटाने दाबलं तर मऊ, डबडबीत लागतं. रक्त तिथेच राहिलं तर खालची कूर्चा उपाशी मरते आणि वर नवी, वेडीवाकडी, कडक कूर्चा तयार होते. तोच पैलवानांचा फ्लॉवरसारखा कान. एकदा कडक झाला की सुईने काही निघत नाही, मग शस्त्रक्रियेशिवाय आकार परत येत नाही.

म्हणजे रक्त काढायला हवं, यात ग्रुपवरचा तो सिरिंजवाला चुकत नाही. पण काढणं हे काम अर्धंच. सुईने ओढलेलं रक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा भरतं, कारण सुटलेलं आवरण परत चिकटलेलं नसतं. आम्ही भूल देऊन बारीक छेद घेतो, गाठी काढतो, धुतो आणि मग कानाच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या घट्ट गुंडाळ्या ठेवून आरपार टाका घालतो. हा दाब आठवडाभर तरी राहतो. तोवर मॅटवर जायचं नाही. जिमच्या सल्ल्यात हा शेवटचा भाग कधीच नसतो, कारण तो कोणालाच नको असतो.

वेळ महत्त्वाची. पहिल्या दोन-तीन दिवसांत आलात तर काम सोपं. आठवडा उलटला की अवघड.

लॉकर रूममध्ये, घामाच्या हातांनी सुई टोचण्यातला धोका म्हणजे कूर्चेच्या आवरणात जंतू शिरणं. कान लाल, गरम होतो, नुसत्या स्पर्शाने माणूस ओरडतो, आणि पाळी मात्र नेहमीसारखी राहते. तो कान आकारासाठी नाही, वाचवण्यासाठी आणावा लागतो. कधी भरती करून शिरेतून औषधं द्यावी लागतात. आणि एकच सिरिंज दोघांनी वापरली तर काय काय होऊ शकतं ते इथे लिहायला नको.

फेणीबद्दल : सुजलेल्या ताज्या कानाला काहीही चोळू नका. चोळण्याने रक्त आणखी सुटतं.

बेळगावचा पाव्हणा

डॉक्टरसाहेब, मान ठेवून बोलतो. मी कुंडईला कंपनीत आहे, पण मूळ तालमीतला. आमच्याकडे कान मोडला की मुलाला घरी पेढे वाटतात. लग्नाच्या बैठकीत मुलीचा बाप आधी कान बघतो. तुमच्या टाक्याने सरळ केलेला कान घेऊन कोण पैलवान म्हणेल?

आणि सगळं अंगावर घेऊन सांगायचं तर वस्तादांना कमी लेखू नका. आखाड्याची माती नुसती माती नसते. तीत हळद, ताक, लिंबू, तेल, कापूर घालून ती वर्षभर मुरवतात, रोज खणतात. खरचटलेल्या अंगावर तीच माती चोळायची. आमच्या वेळी गजकर्ण असं फारसं दिसलंच नाही. आता मॅटवर आले आणि सगळ्यांच्या मांड्या भरल्या.

कानोकानी

पाव्हणे, कान मोडका ठेवायचा असेल तर तो तुमचा हक्क आहे, माझी तक्रार नाही. फक्त ठरवून ठेवा, पिकवून नको. आणि सतत मोडून कानाचं भोकच अरुंद झालेले पैलवान मी पाहिलेत. त्यांना म्हातारपणी ऐकण्याचं यंत्रही नीट बसत नाही.

नाकाचं राहिलं होतं. नाकावर मार बसला तर वाकलंय का हे नंतर बघा, आधी टॉर्च मारून आत बघा. मधल्या पडद्यावर दोन्ही बाजूंनी किंवा एका बाजूने जांभळट, मऊ फुगवटा असेल आणि नाक पूर्ण चोंदलेलं असेल, तर ते कानासारखंच रक्त आहे, फक्त जागा जास्त वाईट. त्याच दिवशी दाखवा. राहिलं तर पडदा विरघळतो आणि नाकाचा दांडा बसतो. हाड वाकलेलं असेल तर सूज उतरल्यावर, मोठ्या माणसात साधारण पहिल्या दोन आठवड्यांच्या आत, बसवता येतं. मुलांमध्ये त्याहून लवकर. दादाने दोन अंगठ्यांनी 'कट्' करून नाक बसवणं चित्रपटात बरं दिसतं.

गार्डपास

आसगावात जिउ-जित्सू करतो. मातीचं मला माहीत नाही, पण त्वचेवर मी तासभर बोलू शकेन, कारण आमच्याकडे पावसाळ्यात तोच मुख्य विषय असतो. जुलैत आमचा गी, म्हणजे सरावाचा कोटासारखा जाड पोशाख, दोन दिवस वाळत नाही. फॅनखाली टांगलेला, कुबट वास येणारा गी तसाच घालून लोक मॅटवर येतात. त्यात हिवाळ्याच्या हंगामात दर आठवड्याला नवे परदेशी पाहुणे. प्रत्येकाचा वेगळा इलाज. एक टी-ट्री ऑइल सांगतो, दुसरा ब्लीच घातलेल्या पाण्याची आंघोळ, तिसरा नखाला लावायचा पारदर्शक रंग. आणि आपला स्थानिक इलाज : फार्मसीत जाऊन 'ती पिवळी ट्यूब द्या'.

मला खटकतं ते हे की चट्टा लपवायचा सल्ला सर्वांत जास्त मिळतो. टेप लाव आणि खेळ. टेपखाली ते आणखी ऊबेत राहतं, आणि समोरच्याच्या मानेवर उमटतं.

फार्मसीवाला

फोंड्यात काउंटरच्या आतून बघतो तेव्हा मला हे रोज दिसतं. मुलगा येतो, प्रिस्क्रिप्शन नाही, मोबाइलवर ट्यूबचा फोटो. त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोरदार स्टेरॉइड, तिन्ही एकत्र असतात. स्टेरॉइडने खाज एका रात्रीत जाते, लाली उतरते, म्हणून तीच आवडते. पण स्टेरॉइड त्या जागची शरीराची लढाईच बंद करतं. बुरशी आत आरामात पसरते. गोल रिंगण होतं ते रिंगण राहत नाही, कडा पुसट होतात, मग त्वचेच्या डॉक्टरालाही पहिल्या नजरेत ओळखू येत नाही. लावणं थांबवलं की दुप्पट उसळतं. मांडीच्या सांध्यात महिनोन्महिने लावलेल्या मुलांच्या कातडीला पांढऱ्या-जांभळ्या भेगा पडलेल्या असतात, त्या जन्मभर जात नाहीत.

२०१८ साली सरकारने अशा बऱ्याच स्टेरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. मी देत नाही. मग मुलगा 'अरे देवा, काय रे' म्हणून पुढच्या दुकानात जातो. पुढचं दुकान कोणतं ते विचारू नका.

आणखी एक. भारतात गेल्या काही वर्षांत ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी पसरली आहे, तिच्यावर टर्बिनाफिन हे नेहमीचं बुरशीचं औषध बऱ्याचदा चालत नाही. म्हणजे दादाने मागच्या वर्षी घेतलेली गोळी या वर्षी तुम्हाला लागू पडेलच असं नाही. चट्टा गेल्यासारखा दिसला तरी औषध डॉक्टर सांगतील तितके आठवडे चालू ठेवावं लागतं.

गार्डपास

+१. आमच्याकडे आता मॅटवर चढण्याआधी हात-मान-पोटऱ्या बघतात. स्पर्धेच्या कुस्तीत वजनाच्या वेळी त्वचा तपासतात, मग जिममध्ये तपासली तर कसला अपमान? क्लास संपला की लगेच साबणाने आंघोळ, रोजचा धुतलेला रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा सरावाचा टी-शर्ट), टॉवेल कोणाला द्यायचा नाही. यापेक्षा भारी उपाय मला कोणी सांगितला नाही. ओठाशेजारी किंवा कपाळावर पाण्याचे बारीक फोड घोळक्याने आले तर ते गजकर्ण नव्हे, नागीण जातीचा विषाणू असू शकतो. तेव्हा तर कोणाच्या चेहऱ्याला चेहरा लावायचाच नाही.

पण मांडवीकाठ, तुमच्या मुद्द्याला एक पुरवणी. मुलं दादाकडे का जातात? डॉक्टरकडे गेलं की तो पहिलं वाक्य म्हणतो, 'हे मारामारीचे खेळ सोड.' गुडघा दाखवायला गेलेल्याला खेळ सोड, कान दाखवायला गेलेल्याला खेळ सोड. दादा निदान 'शनिवारी काय करायचं' हे तरी सांगतो.

कानोकानी

हे खरं आहे. आमच्यातले बरेच जण तसं म्हणतात. 'दहा दिवस मॅट बंद, मग हेडगिअर घालून' असं सांगितलं तर मुलं ऐकतात, हा माझा अनुभव.

साखळीची आई

मी खेळत नाही, मुलगा तायक्वांदो खेळतो, नववीत आहे. मागच्या महिन्यात सरावात डोक्यावर लाथ बसली. क्षणभर गडबडला, मग म्हणाला मी ठीक आहे. सरांनी सांगितलं, पाच मिनिटं बसू दे आणि परत घे. घरी आल्यावर शेजारच्या काकांचा फोन, रात्रभर झोपू देऊ नका, झोपला तर उठणार नाही. आम्ही दोघं आळीपाळीने बाळाला हलवत बसलो. सकाळी तो आणि आम्ही, तिघेही निपचित. यातलं बरोबर काय होतं?

निळा कोपरा

बाई, मी बरीच वर्षं बॉक्सिंगच्या रिंगमध्ये पंच म्हणून उभा राहिलो, त्यामुळे याबद्दल थोडं कडक लिहितो.

पाच मिनिटं बसवून परत घेणं, हे सर्वांत चूक. डोक्याला मार लागून गडबडला, क्षणभर का होईना, तर त्या दिवसाचा खेळ संपला. 'मी ठीक आहे' हे तो म्हणणारच. मेंदू हललेला असताना दुसरा ठोसा बसला तर लहान मुलांमध्ये मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. विरळा आहे, पण त्यातून उठणारे थोडे. आम्ही रिंगमध्ये खेळाडूला विचारत नाही, त्याचे डोळे आणि पाय बघतो.

हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हे वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे. डोक्यावरच्या माराने नॉकआउट झाला किंवा लढत थांबवली, तर किमान ३० दिवस सराव आणि लढत बंद. तीन महिन्यांत दोनदा झालं तर ९० दिवस. वर्षात तीनदा, तर वर्षभर. जिममध्ये सरावात झालेल्या नॉकआउटला मात्र कोणी ३० दिवस मोजत नाही, कारण तो कागदावर येतच नाही. तिथेच दादाच्या नजरेची गरज आहे.

आणि हेडगार्ड घातलं म्हणून मेंदू वाचतो हा गैरसमज सोडा. हेडगार्डने कापण्याच्या जखमा कमी होतात. मेंदू कवटीच्या आत हलतो तो हलतोच. २०१३पासून मोठ्या पुरुषांच्या हौशी लढतींतून ते काढलं, २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याशिवाय खेळले. मुलांना घालायला हवंच, पण ते घातलंय म्हणून जोर वाढवू नये.

कानोकानी

जागं ठेवण्याबद्दल : डॉक्टरने बघितलं असेल आणि धोक्याची खूण नसेल तर झोपू द्यावं. झोप मेंदूला लागते. पहिले काही तास कोणीतरी जवळ असावं इतकंच.

धोक्याच्या खुणा पाठ करा : डोकेदुखी वाढत जाणं, परत परत उलट्या, झटका, बोलणं जड होणं, हातापायातली ताकद कमी वाटणं, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखं काही गळणं, ओळखीच्या माणसाला न ओळखणं, उठवूनही नीट जागं न होणं. यातलं एकही दिसलं तर १०८ लावा आणि थेट बांबोळीच्या इस्पितळात, वाटेत कोणाच्या घरी लेप लावायला थांबू नका. मानेत दुखत असेल तर मुलाला उचलून उभं करायचं नाही.

पहिल्या दिवसात दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको, आत रक्त येत असेल तर ते वाढू शकतं. नंतर आठवडाभर अंधाऱ्या खोलीत कोंडायचीही गरज नाही. एक-दोन दिवस निवांत, मोबाइल कमी, मग हलकं चालणं, त्रास झाला नाही तर पायरीपायरीने पुढे. शाळा आधी, लाथा सर्वांत शेवटी.

साखळीची आई

फार आभारी आहे. सरांना हे दाखवते. रागावतील, पण दाखवते.

तिसवाडीचा तिरसट

दाखवा हो. रागावले तर त्यांनाही पाच मिनिटं बसवा.

वाळपयकरीण

मी किकबॉक्सिंग करते. वजनाचा विषय अजून निघाला नाही म्हणून लिहिते, कारण माझ्या मते सगळ्यांत जास्त दादागिरी तिथे चालते. 'डाएट'च्या नावाखाली मुलींना जे सांगितलं जातं ते लिहायची लाज वाटते. मे महिन्यात प्लास्टिकचा सूट घालून मिरामारला धावायचं. चूळ भरायची, गिळायचं नाही. थुंकत बसायचं. आणि लघवीची गोळी, 'कोणाला सांगू नको' म्हणून.

मुलींसाठी आणखी एक सांगते, हे कोणीच बोलत नाही. कमी खाऊन जोरात सराव करत राहिलं की पाळी थांबते. सिनिअर ताई म्हणतात बरं झालं, कटकट गेली. बरं झालेलं नसतं. शरीराला मिळणारं अन्न सरावाला पुरत नाही म्हणून शरीर एकेक खातं बंद करतं, त्यात हाडंही येतात. मग नडगीत बारीक फ्रॅक्चर होतो आणि सगळे म्हणतात लाथा जास्त मारल्या. तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, आणि मी अमुक खेळ खेळते, इतकं वजन उतरवलं हे सांगा. तिला ते माहीत नसेल तर तीही लग्नाचं विचारते.

निळा कोपरा

वजनावर माझं डोकं नेहमी तापतं. तरुण मुलं यूट्यूबवर एमएमएवाल्यांचं (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) बघतात, पाण्याची टाकी रिकामी करून सात-आठ किलो उतरवलं. तिथे वजन आदल्या दिवशी होतं, लढत दुसऱ्या दिवशी रात्री. मधे दिवसभर भरून काढायला मिळतो. आपल्या हौशी बॉक्सिंगमध्ये वजन त्याच सकाळी. कुस्तीतही २०१८पासून लढतीच्या सकाळीच, आणि दुसऱ्या दिवशी परत. सकाळी सुकवलेलं अंग दुपारपर्यंत भरत नाही. म्हणजे तो सल्ला धोक्याचा तर आहेच, वर आपल्या नियमांना लागूही नाही.

पॅरिसचं सगळ्यांना आठवत असेल. ऑगस्ट २०२४, विनेश फोगाट, ५० किलो, अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त. रात्रभर घाम काढला, केस कापले, तरी बाद. शरीरातलं पाणी कमी झालं म्हणून तिला उपचार घ्यावे लागले. दोन दिवसांनी अमन सेहरावतचं तेच, दहा तासांत ४.६ किलो उतरवल्याच्या बातम्या आल्या; त्याला ब्राँझ मिळालं. आता मुलं काय शिकली? अमनचं शिकली. पण त्या दोघांच्या मागे डॉक्टर, फिजिओ, आहारतज्ज्ञ रात्रभर उभे होते. आपल्याकडे कोण उभं असतं? सूट विकणारा.

१९९७च्या शेवटी अमेरिकेत कॉलेजातले तीन कुस्तीगीर जेमतेम महिनाभरात वजन उतरवताना गेले. रबरी सूट, गरम खोली, सायकल. त्यानंतर तिथे नियम बदलले. २०१५मध्ये मनिलात एका चिनी एमएमए खेळाडूचा असाच मृत्यू झाला, मग त्या संस्थेने लघवी तपासून शरीरात पाणी आहे की नाही हे बघायला सुरुवात केली.

आणि गोव्यात ही गोष्ट आणखी वाईट. घाम वाळला तर अंग गार होतं. आपल्या हवेत तो आधीच वाळत नाही, वर प्लास्टिक घातलं तर आतली उष्णता जाणार कुठे? मुलगा बडबडायला लागला, घाम थांबला, चालताना झोकांड्या जायला लागल्या की लगेच कपडे काढा, पाणी ओता, पंखा मारा आणि १०८ बोलवा. पाणी ओतायला डॉक्टरची वाट बघायची नाही.

मांडवीकाठ

काका, पण आमचे दादा म्हणतात वजन उतरवलं नाही तर दीड हात जास्त उंच मुलाशी गाठ पडेल. त्याचं काय उत्तर देऊ?

निळा कोपरा

उत्तर असं की स्पर्धा जाहीर झाल्यापासून वजन बघा, शेवटच्या तीन दिवसांत नको. आठवड्याला अर्धा-पाऊण किलो, पोटातून, पाण्यातून नाही. तेवढ्यात बसत नसेल तर मुलगा वरच्या गटाचा आहे. वाढत्या वयातल्या मुलाला तर सरळ वरच्या गटात घाला, पुढच्या वर्षी तो तिथेच जाणार आहे.

फार्मसीवाला

एक जोड दिसते ती लिहितो. लघवीची गोळी किंवा घाम काढणं, आणि त्याच आठवड्यात दुखण्याची गोळी. पाणी कमी झालं की मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा शरीर काही रसायनं सोडून कसाबसा टिकवतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या नेमकी तीच रसायनं बंद करतात. वीस वर्षांच्या धडधाकट मुलाची क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड थकल्याची रक्तातली खूण, वर गेलेली मी रिपोर्टवर पाहिलीय. जबर सरावानंतर लघवी कोऱ्या चहासारखी आली तर गोळी घेऊ नका, पाणी प्या आणि तडक दवाखान्यात जा; स्नायू फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात अडकत असू शकतं.

आणि लघवीची गोळी, फ्युरोसेमाइड वगैरे, डोपिंगच्या यादीत आहे. स्पर्धेत असो नसो, कायम.

बेळगावचा पाव्हणा

डोपिंगचं निघालं म्हणून. आमच्याकडे नरसिंग यादवचं अजून बोलतात. लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी, २०१६च्या ऑलिंपिकच्या तोंडावर नमुन्यात स्टेरॉइड सापडलं आणि चार वर्षं बंदी. जेवणात कोणी मिसळलं असं तो म्हणाला, पण वरच्या लवादाने ते मानलं नाही. तात्पर्य काढत नाही, पण नमुन्यात सापडलं की आत कसं आलं हे सिद्ध करायची जबाबदारी खेळाडूवर येते. म्हणून दादाच्या बॅगेतली चिठ्ठी नसलेली गोळी मला तरी नको. इथे मांडवीकाठांशी सहमत. मातीबद्दल नाही.

गार्डपास

खांद्यात किंवा गुडघ्यात 'एक इंजेक्शन मारून खेळ' हा सल्ला सर्रास मिळतो. त्याचं काय?

कानोकानी

माझा विषय नाही, पण नियम माहीत आहे. ते इंजेक्शन बहुधा कॉर्टिसोन या स्टेरॉइडचं असतं. २०२२पासून स्पर्धेच्या काळात ते कुठेही टोचलं तरी बंदी आहे, सांध्यातसुद्धा. आधी टोचलं तरी अंश काही दिवस राहतो. ट्रामाडॉल या दुखण्याच्या औषधावरही २०२४पासून स्पर्धाकाळात बंदी. नियम बाजूला ठेवा. गुडघ्यात 'टक्' आवाज येऊन दोन-तीन तासांत टम्म सुजला असेल तर आत रक्त आहे, बहुतेक वेळा लिगामेंट गेलेलं असतं. त्यावर इंजेक्शन मारून उरलेला मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, चुरायचा असेल तर खुशाल खेळा.

निखळलेला खांदा मित्राने ओढून बसवणं हाही त्यातलाच प्रकार. सोबत हाड मोडलंय की नाही हे एक्स-रेशिवाय कळत नाही, आणि ओढताना खांद्याची नस ताणली तर हात उचलता येत नाही. झोळीत बांधा, आणा.

साखळीची आई

शेवटची एक शंका. बाळाला दम्याचा पंप आहे, साल्ब्युटामॉल. सर म्हणाले राज्य स्पर्धेत तपासणी झाली तर पकडला जाईल, स्पर्धेच्या आठवड्यात बंद ठेव. बंद ठेवू का?

कानोकानी

अजिबात नाही! पंपातून ओढलेलं साल्ब्युटामॉल ठरावीक प्रमाणापर्यंत चालतं : २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम, आणि कुठल्याही ८ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. एका फवाऱ्यात साधारण १०० असतात, म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेला नेहमीचा डोस आरामात बसतो. त्याच औषधाची गोळी किंवा सिरप मात्र चालत नाही, त्यामुळे खोकल्याचं औषध घरात असेल तर त्यातले घटक वाचा. सर्दीच्या गोळीतलं स्युडोएफेड्रिनही स्पर्धेच्या दिवशी मर्यादेबाहेर जाऊ शकतं.

फार्मसीवाला

नाडाचं, म्हणजे देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेचं, 'नो युवर मेडिसिन' नावाचं अ‍ॅप आहे, त्यात औषधाचं नाव घालून बघता येतं. बंदी असलेलं औषध खरंच लागत असेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज आधी करायचा, सापडल्यावर नाही. कोणत्याही फार्मसीत 'मुलगा खेळाडू आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा.

निळा कोपरा

आणि पंप बॅगेत खाली टाकू नका. प्रिस्क्रिप्शनची प्रत सोबत, पंपावर मुलाचं नाव, आणि लढतीआधी कोपऱ्यातल्या सरांच्या हातात द्या. स्पर्धेच्या डॉक्टरच्या टेबलावर सकाळीच जाऊन सांगून या की याला दमा आहे. तपासणीचा फॉर्म भरायची वेळ आली तर घेतलेल्या औषधांच्या रकान्यात तो लिहायचा. सरांना पटत नसेल तर माझा हा प्रतिसाद दाखवा, मी त्यांच्याशी बोलतो.